बकल, मग सायकल: पार्किंगमध्ये ट्रायथलॉनच्या ट्रान्झिशनचा सराव

रविवारी पहाटे साडेपाचला सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक माणूस निथळत्या अंगाने, डोक्यावर हेल्मेट घालून अनवाणी पळतोय हे पाहून आमच्या वॉचमन काकांनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं होतं, "साहेब, वर पाणी आलं नाही का?" दुसऱ्या रविवारी त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली. तिसऱ्या रविवारी मोबाइलवर वेळ मोजायला तेच उभे होते.

मी जे करत होतो त्याला ट्रान्झिशनचा सराव म्हणतात. ट्रायथलॉनमध्ये पोहून बाहेर आल्यावर सायकलवर बसेपर्यंतचा वेळ म्हणजे टी१, आणि सायकलवरून उतरून धावायला लागेपर्यंतचा वेळ म्हणजे टी२. दोन्ही वेळा घड्याळ चालूच असतं आणि दोन्ही तुमच्या एकूण वेळेत धरल्या जातात. तरी आपल्यापैकी बहुतेक जण आठवड्यातून तीनदा पोहतात, शनिवारी सिंहगड रस्त्याने किंवा हायवेने लांबची राइड मारतात, आणि ट्रान्झिशन थेट स्पर्धेच्या दिवशी करतात. तेही ओल्या पायात मोजे चढवता चढवता, एका पायावर उड्या मारत.

आधी थोडा हिशोब

७०.३ अंतराची (तिन्ही टप्पे मिळून ७०.३ मैल) स्पर्धा धरू: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. समजा दोन्ही ट्रान्झिशन मिळून तुमची पाच मिनिटं फुकट जातात. नवख्या माणसाच्या बाबतीत यात अतिशयोक्ती काहीच नाही. तीच पाच मिनिटं सायकलवर भरून काढायची म्हटली तर ताशी २८ किलोमीटरने जाणाऱ्याला अख्खे ९० किलोमीटर जवळपास २८.७ च्या वेगाने काढावे लागतील. धावण्यात भरून काढायची तर प्रत्येक किलोमीटरला १४ सेकंद कमी करावे लागतील. ज्यांनी हे करून पाहिलंय त्यांना विचारा, त्यात किती महिने जातात. पार्किंगमधल्या सरावाला चार रविवार पुरतात आणि खर्चही फारसा नाही. महागड्या कार्बन चाकांबद्दल माझं मत विचारलंत तर आधी हे चार रविवार घालवा, चाकांचं नंतर बघू.

ट्रान्झिशनमध्ये वेळ नेमका कुठे जातो, हे मी स्वतःचं शूटिंग करून पाहिलं तेव्हा कळलं. हात-पाय संथ नव्हते. मी थांबत होतो. आता काय, मोजे की चष्मा, बेल्ट आत्ता लावू की नंतर? प्रत्येक प्रश्नाला पाच-सात सेकंद जात होते. त्यामुळे खालच्या सगळ्या सरावाचा रोख घाई करण्यावर नाही, एकच क्रम अंगात मुरवण्यावर आहे. नाडी १६० वर असताना डोकं चालत नाही, तेव्हा हातांना ठाऊक असलेलं बरं.

नियम आधी, वेग नंतर

तीन नियम घरच्या सरावातही कधी मोडायचे नाहीत, कारण सवय जशी लागते तशीच स्पर्धेत उतरते.

पहिला: सायकलला हात लावण्याआधी हेल्मेट डोक्यावर आणि बकल लागलेलं. परत आल्यावर सायकल रॅकवर टांगेपर्यंत बकल उघडायचं नाही. मी हे असं पाठ केलंय: जाताना बकल, मग सायकल, येताना सायकल, मग बकल. पहिले दोन रविवार हे मोठ्याने म्हणा. लाज वाटेल, पण डोक्यात बसेल.

दुसरा: ट्रान्झिशनच्या जागेत सायकल चालवायची नाही. ती हाताने ढकलत न्यायची, माउंट लाइन ओलांडायची, पलीकडे जमिनीवर पाऊल टेकायचं आणि मगच बसायचं. येताना डिसमाउंट लाइनच्या आधी पाय जमिनीला लागला पाहिजे.

तिसरा: पोहण्याची टोपी, पोहण्याचा गॉगल, उन्हाच्या चष्म्याची डबी, सगळं आपल्याच जागेत राहिलं पाहिजे. शेजाऱ्याच्या सामानावर फेकाफेकी चालत नाही.

हे नियम कागदावरचे वाटत असतील तर २०१२ चं लंडन ऑलिंपिक आठवा. जोनाथन ब्राउनली हा त्या वेळच्या जगातल्या सर्वोत्तम दोन-तीन ट्रायथलिटपैकी एक. टी१ मध्ये तो रेषेच्या जरा आधीच सायकलवर बसला आणि त्याला १५ सेकंदांचा दंड झाला. धावण्याच्या टप्प्यात तो दंड उभं राहून भोगावा लागला. तरी त्याने ब्राँझ मिळवलं, थोरल्या भावाने, ॲलिस्टरने, सुवर्ण. त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांच्या शर्यतीत दोन तासांच्या लढतीनंतर निकोला स्पिरिग आणि लिसा नॉर्डेन यांची वेळ अगदी सारखी नोंदली गेली, १ तास ५९ मिनिटं ४८ सेकंद, आणि सुवर्ण कुणाचं ते फोटोवरून ठरलं. स्पिरिग जिंकली. बूट घालताना एखादी जरी अडखळली असती तर फोटोची वेळच आली नसती.

जागा आणि सामान

जागा म्हणजे ३०-४० मीटरचा सरळ पट्टा. पार्किंगचा मधला रस्ता, बंगल्यासमोरची गल्ली, शाळेचं मैदान, काहीही चालेल. वेळ मात्र नीट निवडा. आमच्याकडे सहा वाजले की दूधवाला आणि पेपरवाला दोघं एकदमच वळणावरून येतात, म्हणून मी साडेपाच ते सहाच ठेवलंय. रिव्हर्स घेणाऱ्या गाडीच्या मागून सायकल घेऊन पळू नका हे सांगायला नको, तरी सांगतो.

स्पर्धेत सायकल आडव्या पाइपवर सीटच्या टोकाने टांगलेली असते. घरी त्यासाठी जिन्याचं रेलिंग किंवा दोन पिंपांवर बांधलेला बांबू पुरतो. पिंपात पाणी भरा, नाहीतर सायकल टांगताच सगळा संसार आडवा होतो. स्टँडला लावून सराव करू नका. सीट पाइपखालून काढणं आणि परत अडकवणं हेच शिकायचं असतं, आणि थकलेल्या हातांना टी२ मध्ये ते चांगलंच जड जातं.

माउंट लाइन खडूने आखा. रॅकपासून पंधरा-वीस मीटरवर, जाडजूड. बाकी सामान घरातच सापडतं: बादलीभर पाणी, जुना पंचा, टाल्कम पावडर, भाजीच्या जुडीला असतात तसे बारीक रबरबँड. टर्किश टॉवेलपेक्षा पंचा बरा. जागा कमी घेतो, लवकर वाळतो आणि रंगीत काठाचा असेल तर शंभर सायकलींच्या गर्दीत आपली जागा लांबून ओळखू येते.

दोन वस्तूंवर पैसे खर्च करा. इलॅस्टिकच्या लेस आणि नंबर लावायचा रेस बेल्ट. लेससाठी खेळाच्या दुकानात जायलाच हवं असं नाही; शिवणकामाच्या सामानाच्या दुकानातलं गोल, बारीक इलॅस्टिक घ्या, बुटात ओवा, पाय सहज आत जाईल इतपत सैल ठेवून कायमची गाठ मारा. पहिल्या दिवशी पाच किलोमीटर पळून बघा. सैल असेल तर टाच उचलते, घट्ट असेल तर पायाच्या वरच्या बाजूला वळ उठतो. दोन-तीनदा गाठ बदलावी लागते.

मांडणी

पंचा सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी घडी करून अंथरा. आधी लागणारं जवळ, नंतर लागणारं मागे. सायकलचे बूट पुढे, धावण्याचे मागे. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे दोन्ही बाजूंना बाहेर सोडलेले आणि पुढची बाजू तुमच्याकडे, म्हणजे उचललं की थेट डोक्यावर येतं. चष्मा हेल्मेटच्या आत, काड्या उघडून ठेवलेला. मोजे घालणार असाल तर अर्ध्यापर्यंत गुंडाळून ठेवा, म्हणजे बोटांवर टेकवून एका ओढीत चढतात. आत पावडर हवी. धावण्याच्या बुटांच्या जिभा बाहेर ओढलेल्या, आत चिमूटभर पावडर आणि बुटांवर धावण्याची टोपी. टोपीत बेल्ट आणि जेल (पळताना खायची एनर्जी जेलची पुडी).

आणखी काही ठेवायचं नाही. माझ्या पहिल्या स्पर्धेत माझ्या पंच्यावर दोन टी-शर्ट, सनस्क्रीन, कंगवा (हो, कंगवा), चिक्कीची अर्धी पुडी आणि घराच्या किल्ल्या होत्या. बुटाचा शोध किल्ल्यांखाली संपला. सायकलवर खायचं आहे ते आधीच सायकलला लावलेल्या पिशवीत टाका. चिक्की, खजूर, जेल, जे पचतं ते. बाटलीत इलेक्ट्रॉल आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.

सायकल हलक्या गिअरवर सोडायची, पुढची चकती लहान. रॅकवरून निघताच पहिलं पेडल जड लागलं तर माणूस रेषेवरच डुलतो आणि मागच्याला पाडतो.

पहिला रविवार: कोरडं आणि संथ

घड्याळ घरी ठेवा. रॅकपासून दहा मीटर मागून चालत या आणि टी१ चा क्रम करा: गॉगल-टोपी एका हाताने काढून पंच्यावर टाका, चष्मा, हेल्मेट, बकल, मोजे-बूट, सायकल, चालत रेषेपर्यंत. बूट हेल्मेटच्या आधी घातले तरी नियमाला हरकत नसते, पण मी हेल्मेट आधीच घालतो. वाकून बूट घालताना ते डोक्यावर असलं की विसरण्याचा प्रश्नच उरत नाही.

दहा वेळा करा. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत हात अडखळतो ती जागा लक्षात येते. ती तेवढीच सुटी काढून वीस वेळा करा. माझी अडचण बकल होती. ओल्या बोटांनी हनुवटीखालचं बकल न बघता लावणं हे आरशासमोर उभं राहून, टीव्ही बघताना, अगदी फोनवर बोलतानाही करता येतं. बायकोने एकदा विचारलं, "आज बातम्या बघायलाही हेल्मेट लागतं का?" लागतं, म्हटलं, हल्ली फारच लागतं.

सायकल ढकलण्याचं वेगळं कसब आहे. सायकलच्या डाव्या बाजूला उभे राहा आणि उजव्या हाताने फक्त सीट धरा. हँडल सोडून द्या. सायकल जरा झुकवली की ती त्या बाजूला वळते. आधी चालत, मग हळू धावत. हँडल धरून पळणाऱ्याची नडगी पेडलवर आपटते. सीट धरली की पेडल पायापासून लांब राहतं. सपाट जागेवर अर्ध्या तासात जमतं. पेव्हर ब्लॉकवर हँडल थरथरतं, तिथे सुरुवातीला डावा हात हँडलजवळ तयार ठेवा.

दुसरा रविवार: बादली आणि जोर

कोरड्या अंगाने केलेल्या टी१ चा उपयोग निम्माच. ट्रायसूट (तिन्ही टप्प्यांत चालणारा एकच घट्ट पोशाख) घाला, टोपी-गॉगल चढवा आणि बादली डोक्यावर ओता. मग पंचवीस जोर मारा.

जोरच का, ते सांगतो. पोहताना शरीर आडवं असतं, काम मुख्यतः हात आणि खांदे करतात, पाय त्या मानाने निवांत. पाण्यातून एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, रक्तदाब क्षणभर पडतो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. किनाऱ्यावर भेलकांडणारे लोक दिसतात त्याचं हे कारण. तालमीतल्या जोरात छाती-खांदे दमतात, डोकं खाली-वर होतं, श्वास चढतो, आणि शेवटचा जोर मारून ताडकन उठलं की अगदी तसंच गरगरतं. पाण्याशिवाय घरी यापेक्षा जवळचं काही मला सापडलेलं नाही. पंचवीस झेपत नसतील तर दहा मारा. चक्कर जास्त वेळ टिकत असेल तर बसा, आणि असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवूनच पुढे जा.

खऱ्या पोहण्यात यावर उपाय म्हणजे शेवटचे पन्नास-शंभर मीटर पाय जरा जास्त मारणं, आणि उभं राहिल्यावर पहिली पाच-सहा पावलं चालणं. लगेच पळत सुटू नका.

ओलं झालं की सगळ्या गणिताची दुरुस्ती करावी लागते. कोरड्यात चार सेकंदांत चढणारा मोजा ओल्यात वीस घेतो. इथेच ठरवा की मोजे घालायचे की नाही. छोट्या स्प्रिंट स्पर्धेत, म्हणजे ७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटरसाठी, मी मोजे घालत नाही. २१ किलोमीटर धावायचं असेल तर घालतो. वीस सेकंद वाचवून पंधरा किलोमीटर फोड घेऊन पळणं मला परवडत नाही.

तिसरा रविवार: टांग टाकायला पुन्हा शिका

सायकलवर चढण्याच्या 'फ्लाइंग माउंट'चे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. खेळाडू धावत येतो, उडी मारून सीटवर बसतो, बूट आधीच पेडलला अडकवलेले असतात आणि चालता चालता पाय त्यात सरकवतो. सुंदर दिसतं. चाळिशीतल्या माणसाने पार्किंगच्या फरशीवर पहिल्याच दिवशी करून बघू नये, एवढंच.

मधला मार्ग आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होता. पोस्टमन, दूधवाले, आपले आजोबा सायकलवर कसे चढायचे ते आठवा. डावा पाय पेडलवर, उजव्या पायाने जमिनीला दोन-तीन ढकलण्या, सायकल वेगात आली की मागून टांग टाकून सीटवर. उतरताना उलट: चालत्या सायकलवर टांग मागून डावीकडे आणायची, डाव्या पेडलवर उभं राहायचं, वेग कमी झाला की उजवा पाय टेकून सायकलसोबत दोन पावलं धावायचं. हाफ पेडल शिकलेल्या मुलाची ही पुढची पायरी असायची. गिअरच्या सायकली आल्या आणि आपण हे विसरलो. हौशी ट्रायथलिटसाठी हीच पद्धत सर्वांत भरवशाची आहे. उडी नाही, दोन्ही हात हँडलवर आणि एक पाय कायम सायकलवर.

सराव असा करा. आधी मैदानावर, गवतात, साध्या बुटांनी. टांग टाकताना पाठीमागची बाटली आडवी येते का ते बघा. सीटमागे बाटल्यांचा स्टँड असेल तर पाय बराच उंच न्यावा लागतो. दहा-बारा वेळा जमलं की क्लीटच्या, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या तळाच्या, बुटांनी. क्लीट घालून पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवर पाय सटकतो, म्हणून तिथे ढकलण्या लहान ठेवा. मग खडूच्या रेषेवर: रेषा ओलांडली, पलीकडे पाऊल टेकलं, आणि मग डावा पाय पेडलवर. उतरताना रेषेच्या पाच मीटर आधी तुम्ही डाव्या पेडलवर उभे असला पाहिजेत. ब्रेक दोन्ही हातांनी, हळू. पुढचाच ब्रेक दाबला आणि वजन एका बाजूला असलं तर काय होतं ते मी कोपरावरच्या खुणेवरून दाखवू शकतो.

बूट पेडलला अडकवून ठेवायचे असतील तर रबरबँड लागतो. बुटाच्या टाचेच्या कडीतून ओवून तो सायकलच्या एखाद्या भागाला असा अडकवा की बूट आडवे राहतील आणि ढकलताना जमिनीला घासणार नाहीत. पहिलं पेडल मारताच रबर तुटतं. जाड रबर नको, ते तुटत नाही. आणि सायकल रॅकमधून मागे ओढू नका. चाक उलटं फिरलं की पेडलही उलटं फिरतं आणि रबर तिथेच तुटतं. सायकल अशी टांगा की पुढेच काढता येईल, नाहीतर मागचं चाक उचलून बाहेर घ्या. चालत्या सायकलवर पाय बुटात घालण्याचा सराव आधी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) करा, मग मोकळ्या रस्त्यावर. नजर समोर, पायाकडे नाही. हे महिनाभरात सहज जमलं तरच स्पर्धेत वापरा.

टी२ आणि जड पाय

टी२ त्या मानाने सोपा. सायकल टांगा, बकल उघडा, हेल्मेट ठेवा, सायकलचे बूट काढा, धावण्याचे घाला, टोपी-बेल्ट-जेल एका मुठीत धरा आणि निघा. बेल्ट आणि टोपी धावता धावता लावायची. सायकलवरही नंबर लागत असेल तर बेल्ट टी१ मध्येच लावा, नंबर पाठीकडे, आणि धावताना तो पोटाकडे फिरवा. स्पर्धेच्या पुस्तिकेत बघून घ्या. उभ्या उभ्या बूट घालताना तोल जात असेल तर एक हात रॅकच्या पाइपवर ठेवा. खाली बसू नका. ९० किलोमीटरनंतर बसलेला माणूस उठायला वेळ लावतो.

खरा त्रास पुढच्या पाच मिनिटांत असतो. पाय सायकलच्या फेऱ्यांच्या लयीत अडकलेले असतात आणि धावण्याची लय सापडत नाही. खेळाडू याला जेलीचे पाय म्हणतात, मला ते ओल्या पोत्यासारखे वाटतात. यासाठी 'ब्रिक' सराव: सायकल आणि त्याला लागूनच धावणं. घराभोवती आठ-दहा किलोमीटरचा लूप निवडा, पार्किंगमध्ये टी२ करा, दीड किलोमीटर पळा, परत सायकल. एका सकाळी असे तीन लूप. लांब ब्रिक एकदा करण्यापेक्षा छोटे तीन केले तर टी२ तीनदा घोटला जातो. सायकलच्या शेवटच्या किलोमीटरमध्ये गिअर हलका करून पाय भरभर फिरवा आणि धावताना पहिले पाचशे मीटर पावलं मुद्दाम लहान ठेवा. या वेळी वेग नेहमीपेक्षा जास्त असूनही कमी वाटतो, त्यामुळे घड्याळ एकदा बघा आणि स्वतःला आवरा.

पावसाळ्यात बाहेरचा लूप धोक्याचा. सायकल ट्रेनरवर जिन्याजवळ, वीस मिनिटं, मग बूट बदलून पार्किंगला फेऱ्या. काम भागतं.

तलावावरून घरी

तुमचा पोहण्याचा तलाव घरापासून सायकलच्या अंतरावर असेल तर तुम्हाला आठवड्यातून तीन फुकट टी१ मिळतात. पालिकेच्या तलावावर ४५ मिनिटांची बॅच संपल्याची शिट्टी वाजली की सगळे शॉवरच्या रांगेत जातात. तुम्ही ओल्या अंगावर टी-शर्ट चढवा, चालत स्टँडवर या, हेल्मेट, बकल, कुलूप, सायकल, आणि घरी. तलावाच्या कडेने पळू नका, तिथला सुरक्षारक्षक ओरडतो आणि तो बरोबरच असतो. घराच्या गेटवर बूट बदला आणि सोसायटीला एक फेरी पळत मारून मगच वर जा. असं महिनाभर केलं तर बारा टी१ आणि बारा टी२ झाले, वेगळा वेळ न काढता.

चौथा रविवार: गोंधळ घाला

आता घड्याळ. घड्याळात मल्टिस्पोर्ट मोड असेल तर टप्पा बदलायचं बटण प्रत्येक वेळी दाबायची सवय इथेच लावा. स्पर्धेत वेळ नोंदणारी चिप बांधतात तसं डाव्या घोट्याला काहीतरी बांधा. चिप डाव्या पायाला बांधतात, कारण उजवीकडे चेन असते.

आणि पंच नेमा. माझी मुलगी अकरा वर्षांची असताना तिला हे काम दिलं होतं. बकल न लावता सायकलला हात लागला की ती १५ सेकंद उभं करायची, मोठ्याने मोजून, आणि दहाच्या पुढे मुद्दाम सावकाश. तिला मी आणखी एक अधिकार दिला होता: मी पाठ करून उभा असताना सामानातली एक वस्तू हलवायची. कधी चष्मा स्कूटरच्या सीटवर जायचा, कधी एक बूट उलटा व्हायचा. स्पर्धेत शेजाऱ्याची सायकल पडते, त्याचा टॉवेल तुमच्या बुटांवर येतो, वाऱ्याने टोपी उडते. अशा वेळी न थांबता पुढची पायरी कोणती, याचा सराव इथे होतो. चष्मा नाही सापडला तर चष्म्याशिवाय निघा. हेल्मेट आणि नंबर सोडून कशासाठीही थांबायचं नाही.

जागा शोधण्याचाही सराव हवा. सायकल दर वेळी वेगळ्या खांबाजवळ लावा आणि जिन्यापासून तो कितवा खांब आहे ते मोजून ठेवा. स्पर्धेत 'त्या लाल सायकलच्या बाजूला' ही खूण धरू नका. ती लाल सायकल तुमच्या आधीच निघून गेलेली असते. मी अशीच खूण धरली होती आणि स्वतःच्या सायकलसमोरून दोनदा गेलो. झाड, विजेचा खांब, मांडवाचं टोक, अशी न हलणारी गोष्ट निवडा आणि पाण्यातून येण्याच्या वाटेने आदल्या दिवशी चालून बघा.

वाळू आणि वेटसूट

गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ७०.३ ची आयर्नमॅन स्पर्धा पहिल्यांदा झाली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातले कितीतरी जण तिच्यासाठीच तयारी करतात. समुद्रातून आलात की पायाला वाळू येते. बोटांच्या बेचक्यात राहिलेली वाळू सायकलवर जाणवत नाही, धावताना दहाव्या किलोमीटरला जाणवते. घरी परातीत वाळू घेऊन त्यात ओल्या पायांनी उभे राहा आणि पंच्यावर पाय पुसून बूट घालण्याचा सराव करा. बांधकामावर हल्ली नदीची वाळू क्वचित दिसते, सगळीकडे क्रश सँड. ती जास्त बोचते, त्यामुळे सरावाला उत्तम. तुमच्या जागेवर छोट्या बाटलीत पाणी ठेवायची परवानगी असेल तर एकेका पायावर एक धार पुरते. समुद्राचं पाणी कोमट असल्याने तिथे वेटसूटचा (थंड पाण्यात ऊब देणाऱ्या रबरी पोशाखाचा) प्रश्न येत नाही.

युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या आणि थंड तळ्यात पोहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र तो येतो. शॉवरखाली वेटसूट घालून ओले व्हा, मग बाहेर या आणि काढा. चालता चालता कमरेपर्यंत, रॅकशी पोचल्यावर गुडघ्याखाली, मग एका पायाने दुसऱ्या पायाचा सूट दाबून धरायचा आणि पाय वर ओढायचा. घोटे आणि मनगटांना आधीच पाण्यात विरघळणारं वंगण लावा. पाय अडकतो तो नेहमी टाचेपाशी आणि चिपच्या पट्ट्यापाशी.

शेवटचा सराव स्पर्धेच्या दोन-तीन दिवस आधी, एकदाच, चालत आणि कोरड्या अंगाने. नवी लेस, नवे बूट, नवा क्रम यातलं काहीही आता नको. बांबू आणि पिंपं जागच्या जागी ठेवा आणि खडूची रेघ पाण्याने पुसून टाका. आमच्याकडे ती राहिली होती, तर पुढचे आठ दिवस लोक तिला नवीन पार्किंगची हद्द समजून तिच्या अलीकडेच गाड्या लावत होते आणि सेक्रेटरी कुणी आखली म्हणून वॉचमन काकांना विचारत होते. काकांनी माझं नाव सांगितलं नाही.